घागरीवर बसेल एवढं टरबूज

दिवाळी अंकासाठी शेतीचे अनुभव द्या, असा निरोप आला तेव्हा आमच्या सूनबाईनं लगेच विषय ठरवून टाकला. "आई, यशोगाथा सांगा. टरबुजातून प्रगती, असं काहीतरी." मी म्हटलं, प्रगतीचं दुसरे लोक लिहितील, मी माझ्या बहिणीचं सांगते. आता मी बोलते आहे आणि ती मोबाइलवर टाइप करते आहे. मधेच थांबून विचारते, "हे काढू का?" काही काढायचं नाही बाई. धाकट्या बहिणीवर माझा जीव आहे आणि तिच्यावर मी आयुष्यभर जळत आले आहे. दोन्ही खरं आहे. टरबुजाचं सांगायचं तर सुरुवात जळण्यापासूनच करावी लागते, कारण सिंधू नसती तर मी टरबूज लावलंच नसतं.

तुम्ही पुण्याकडचे लोक कलिंगड म्हणता, आम्ही टरबूज म्हणतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन मजले आहेत. वरचा मजला म्हणजे घाटावर, खालचा म्हणजे घाटाखाली. माझं माहेर घाटाच्या अगदी काठावर, बुलढाण्याजवळ. बाबांना आम्ही दोन पोरी आणि एक भाऊ. मला त्यांनी वरच्या मजल्यावर दिलं, देऊळगाव राजाकडं. सिंधूला खालच्या मजल्यावर, मोताळ्याजवळ. एक जिल्हा, पण मी पहाटे शाल गुंडाळून वावरात जाते तेव्हा सिंधू फोनवर सांगते, "आमच्याइकडं तं पंखे सुरू झाले, ताई." जवळच्या बीबी गावाकडं गारा पडतात, आमच्याकडं नुसतं आभाळ येतं आणि मोताळ्याला त्याच दिवशी कडक ऊन. टरबुजाला ऊन लागतं, उबदार रात्र लागते. म्हणजे पीक कुणाला दिलं ते आलं ना तुमच्या लक्षात?

बाबा स्वतः टरबूजवाले. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत खड्डे करून त्यात शेणखत भरायचे आणि वेल लावायचे. देठाला चुना लावायचं त्यांनीच आम्हाला शिकवलं. टरबूज तोडताना देठ बोटभर लांब ठेवायचा आणि कापलेल्या टोकाला चुन्याचं बोट लावायचं, म्हणजे तिथून सडत नाही. आम्ही दोघी मागं मागं चुन्याची डबी घेऊन फिरायचो. लग्न ठरवताना ते आईला म्हणाले होते, "विमलले उन्हाचा तरास होते. तिले घाटावर देऊ." माझ्या भल्याचाच विचार केला त्यांनी. मला गारवा दिला आणि तिला काळी कसदार जमीन दिली.

सिंधूच्या सासरी टरबूज आधीपासूनच होतं. तिचं पहिलं टरबूज घेऊन ती माहेरी आली तेव्हा मीही तिथंच होते. बाबांनी फोड खाल्ली, बिया हातावर घेतल्या, पुन्हा एक फोड मागून घेतली आणि म्हणाले, "असं टरबूज घाटावर नाई होत." झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते मला टोचून बोलले नव्हते, बोलण्याच्या ओघात बोलले होते. पण ते वाक्य मी पदराला बांधून घरी आणलं. मालकांना म्हटलं, मुरमाड तर मुरमाड, आपण टरबूज लावायचं. त्यांनी विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "बाबांना खाऊ घालायचंय."

ते काही घडलं नाही. आमचं पाइप-ठिबक जमायला वेळ लागला आणि बाबा मधेच गेले. माझ्या वावरातली एक फोडही त्यांच्या तोंडात पडली नाही. सिंधूची पडली. हा हिशेब माझ्या मनातून कधी मिटला नाही. म्हणून पुढचं सगळं.

आता धंदा थोडा समजावून सांगते. उंच वाफे करायचे, त्यात ठिबकची नळी, वरून प्लास्टिकचा कागद. कागदाला भोकं पाडून त्यात रोप लावायचं. थंडी असेल तर वरून पांढऱ्या पातळ कापडाची गुहा करायची, त्याला क्रॉप कव्हर म्हणतात. वेल पळायला लागली की आधी नर फुलं येतात, त्यांना भुलायचं नाही. मादी फूल ओळखायला सोपं, फुलाच्या मागं बोराएवढं टरबूज जन्मापासूनच असतं. पण मधमाशी त्या फुलावर बसून गेली तरच ते वाढतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. एका वेलीवर एक किंवा दोनच फळं ठेवायची. पिकलं कसं ओळखायचं, ते सगळेच विचारतात. देठाजवळ वेलीचा एक बारीक तणावा असतो, स्प्रिंगसारखा, तो वाळला पाहिजे. जमिनीवर टेकलेली बाजू पांढरीची पिवळी झाली पाहिजे. आणि मग टिचकी. कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं भरल्या पोटासारखं बद्द वाजतं. एकदा तोडलं की टरबूज पुढं पिकत नाही. आंब्यासारखं अढीत घालून चालत नाही. तोडणाऱ्याची चूक कायमची.

पहिल्या वर्षी मी काय केलं, तर सिंधूनं रोपं लावली त्याच दिवशी मीही लावली. तिच्याआधी माझा माल निघाला पाहिजे, निदान तिच्याबरोबर तरी. तिच्याकडं ऊब होती, माझ्याकडं कडाक्याची थंडी. रोपं जागच्या जागी बसून राहिली. मग मी कव्हर टाकलं. कव्हरखाली वेली अशा माजल्या की बघत राहावं. मालक म्हणाले, "फुलं दिसायलीत, आता काढ ते कापड." मी म्हटलं, अजून थंडी आहे, तिच्याकडं बघा किती पुढं गेलंय, मला ऊब पाहिजे. रोज जाऊन कडा दाबून यायची, जरा कुठं फट राहू द्यायची नाही. फुलं आली, गळली. पुन्हा आली, पुन्हा गळली. पानं हाताएवढी आणि फळ एक नाही.

शेवटी नाइलाजानं सिंधूला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अन् माशा कुठून जातात आत?"

रोज दाबून आलेल्या त्या कडा माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

"ताई, कव्हर काढ न व! माशाले आत जाऊ दे. बाबाची पोरगी हायेस अन् इतकं समजलं नाई तुले?"

बाबाची पोरगी! नाकाला मिरच्या झोंबल्या. पण फोन ठेवला आणि धावत जाऊन कव्हर ओढून काढलं. फळं लागली, पण उशिरा. तोवर सिंधूचा सगळा माल विकून वावर रिकामं झालं होतं. आणि इथंच मला माझ्या वरच्या मजल्याची किंमत कळली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घाटाखाली असं ऊन होतं की टरबूज वेलीवरच उकडतं, आतून पोकळ पडतं. त्याच वेळी आमच्याकडं रात्री वारा असतो आणि वेली हिरव्या असतात. व्यापारी सगळे वर चढतात. तेव्हापासून मी आखाजीच्या बेतानंच लावते. लोक मला हुशार म्हणतात. म्हणू दे.

बांधावरचे व्यापारी आणि रस्त्यावरचं गिऱ्हाईक यांच्यावर वेगळा अंक काढावा लागेल. आम्ही जालना रोडला लिंबाखाली हिरवं कापड बांधून विक्री करतो. एक गुरुजी यायचे, प्रत्येक टरबुजाला कान लावून डोळे मिटायचे, पोरांचा श्वास तपासावा तसे, आणि शेवटी म्हणायचे, "तुम्हीच द्या." अलीकडं मोबाइलवर काय काय येतं. एक गाडीवाले साहेब खाली न उतरता विचारतात, "मावशी, इंजेक्शन दिलेलं नाही ना? लाल करायला?" मी म्हटलं, "दादा, एवढ्या टरबुजांना सुया टोचता आल्या असत्या तर मी दवाखान्यात नोकरीला नसते का लागले?" ते हसले, पण टरबूज न घेताच गेले. व्यापारी त्याहून वाईट. मधोमध कापून बघतो, आत लालभडक, साखर चमकते आहे, तरी तोंड असं करतो की जणू फवारणीची पावडर खाल्ली.

व्यापाऱ्याला मोठा माल लागतो. तो एक नंबर. लहान, गोल, मुठीत मावतील त्याहून थोडी मोठी टरबुजं राहतात, ती दोन नंबर. ती देऊळगाव राजाचे रशीदभाई घेऊन जातात. त्यांचा छोटा टेम्पो आहे. उन्हाळाभर ते बुलढाण्याकडं जाऊन माझ्या माहेरच्या फाट्यावर उभे राहतात. लहान टरबूज चवीला कमी नसतं, उलट कधी कधी जास्तच गोड. पण आमच्या धंद्यात त्याला मान नाही. बांधाच्या कडेला ढीग घालायचा आणि रशीदभाईंना फोन करायचा, एवढीच त्याची किंमत.

आता आखाजीकडं येते. आखाजीला पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यात पाणी, तिच्या तोंडावर छोटं मातीचं भांडं आणि त्यावर फळ. कोणी आंबे ठेवतात, कोणी खरबूज. आमच्या माहेरी टरबूज, कारण बाबांचा जीव टरबुजावर. त्या दिवशी ते येऊन पाणी पितात, फळ खातात, असं आई मानते आणि मीही मानते. संध्याकाळी ते टरबूज कापून सगळ्यांना एकेक फोड. लेकी आखाजीला माहेरी जातातच. मी जायची माझं टरबूज घेऊन, सिंधू यायची तिचं घेऊन. घागरीवर एकच बसतं.

दरवर्षी तिचंच बसायचं.

मी वावरातलं सगळ्यात मोठं निवडायची. दोन हातांनी उचलावं लागेल असं, एसटीत मांडीवर घेऊन बसायची, कंडक्टर म्हणायचा याचं तिकीट काढा. माहेरी पोचेपर्यंत दुपार व्हायची. मोताळ्याची गाडी लवकर येते, त्यामुळं सिंधू आधीच ओसरीवर पाय पसरून बसलेली. शेजारी तिचं लहानसं, गोल टरबूज, देठ मुळापासून मोडलेला. आई माझं टरबूज घागरीवर ठेवून बघायची. भांडं डगमगायचं, टरबूज घरंगळायचं.

"घागरीवर बसाले तं पाह्यजे न, विमल," आई म्हणायची. "सिंधूचं पाह्य कसं बसलं."

मी विचारलं होतं सिंधूला, "आखाजीपर्यंत तुझं टरबूज टिकतंच कसं? तुमच्याकडं तर वेली जळतात." ती म्हणायची, "विहिरीपाशी आंब्याखाली मांगून, उशिरानं दोन सऱ्या लावतो." माझी जळजळ दुप्पट. एवढ्या भट्टीतसुद्धा हिला जमतं! आणि देठाला चुना नाही, देठच नाही. बाबांचं शिकवणं विसरली आणि तरी बाबांच्या घागरीवर हीच. एका वर्षी मी देऊळगाव राजाच्या बाजारातून रुंद तोंडाची घागर विकत घेऊन गेले. आईनं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "चांगली हाये. पियाच्या पाण्याले ठेवते." सूनबाई इथं टाइप करताना हसते आहे. हस बाई.

तुम्ही म्हणाल, लहान टरबूज न्यायचं होतं. कसं नेणार? दोन नंबरचा माल घेऊन माहेरी जायचं, तेही सिंधूसमोर? त्यापेक्षा मी कोहळा घेऊन गेले असते.

मागच्या आखाजीला आमच्याकडची पहाटेची गाडी आलीच नाही. फाट्यावर उभी राहून वैतागले होते. तेवढ्यात रशीदभाई टेम्पो घेऊन निघाले. "बैठो ताई, तुमच्याच माहेराकडं चाललो." मागं माझ्याच वावरातला दोन नंबरचा माल होता, आदल्या संध्याकाळीच भरलेला. मी पुढं बसले, मांडीवर माझा डोंगर. नेहमीपेक्षा किती तरी लवकर पोचलो. रशीदभाईंनी माहेरच्या फाट्यावर टेम्पो लावला, ताडपत्री उघडली. भाऊ गाडी घेऊन न्यायला येणार होता, म्हणून मी आतच बसून राहिले.

मोताळ्याची बस आली. सिंधू उतरली. हातात पिशवी, पिशवी रिकामी. सरळ टेम्पोच्या मागच्या बाजूला आली.

"काय रशीदभाई, आलं का माह्या बहिणीच्या वावरातलं?"

रशीदभाई खोकले. नुसते खोकतच राहिले.

"दुसऱ्या कोणाचं द्याल तं मी नाई घेणार. मांगच्या बारीले तुमी भलतंच देऊन राह्यले होते. देठाले चुना पाहूनच घेतो मी." टिचक्यांचा आवाज आला. मग देठ मोडल्याचा कट्ट आवाज आला.

मी दार उघडून खाली उतरले. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. हातात माझं टरबूज, दुसऱ्या हातात मोडलेला देठ, टोकाला पांढरा चुना. चुन्याचं ते बोट माझंच होतं.

"आंब्याखालच्या दोन सऱ्या?" मी म्हटलं.

रशीदभाई म्हणाले, "मैं चाय पी के आता," आणि गेले.

सिंधू रडेल असं वाटलं. रडली नाही, उलट माझ्यावरच उखडली. "मंग काय करू? आमचं टरबूज होळीलेच संपते. आखाजीले माह्या वावरात काय असते माहीत हाये तुले? वाळलेल्या वेला अन् फाटकं प्लास्टिक. बाबाच्या घागरीपुढं रिकाम्या हातानं येऊ का? तू मोठ्ठं टरबूज घेऊन येशील, अन् मी पाहत बसू?"

"मग माझं म्हणून सांगायचं ना!"

"तुहं म्हणून सांगितलं असतं तं तू मले कधी वर पाहू दिलं असतं? वर्षभर आयकवलं असतं." हे खरं होतं. मग तिचा आवाज उतरला. "मले काय वाटते माहीत हाये का ताई? बाबानं तुलेच चांगलं देल्लं. गारवा देल्ला. त्याच्या सणाले तुह्याच वावरात टरबूज असते. मले दरसाल हेवा वाटते तुहा."

माझा हेवा! एवढी वर्षं ही कामगिरी माझी एकटीची समजत होते, त्यातही हिनं वाटा घेतला.

आणि मग फाट्यावर उन्हात उभी राहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घागरीवर इतकी वर्षं माझंच टरबूज होतं. वावराच्या कडेला ढीग घालून फेकल्यासारखं दिलेलं, दोन नंबरचं. बाबांनी ते खाल्लं होतं. दरवर्षी खाल्लं होतं. मला भडभडून आलं, टेम्पोच्या फाळक्याला धरून मी रडले, आणि सिंधू घाबरून म्हणाली, "काऊन रडून राह्यली? परत ठेवते न मी."

"ठेवू नको," मी म्हटलं. "पण हे नाही. दुसरं काढ."

मी स्वतः टेम्पोत चढले. टिचक्या मारून एक निवडलं, लहान, गोल, देठ बोटभर, टोकाला चुना कडक वाळलेला. तिच्या पिशवीत घातलं. "नाव तुझंच राहू दे. पण देठ मोडायचा नाही. बाबांना चुना दिसला पाहिजे."

"आई ओळखंल न व!"

"ओळखू दे."

भाऊ आला. आम्ही दोघी घरी गेलो. मी माझा डोंगर घेऊनच गेले, तो टाकून थोडाच देणार होते? आईनं आधी तो ठेवून पाहिला. घरंगळला. मग सिंधूच्या पिशवीतलं काढलं. नीट बसलं, देठ वर करून. आई हळद-कुंकू लावायला वाकली आणि थांबली. चुन्याचं टोक तिनं बोटानं चाचपलं. सिंधूनं माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं आता आई माझ्याकडं बघेल, आता म्हणेल, विमल, हे तुहं व्हय. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं.

आईचे डोळे भरून आले. ती वळली आणि सिंधूच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पाह्यलं का विमल," ती मला म्हणाली, "सिंधूनं चुना लावला यंदा. बापाचं शिकवणं कसं ध्यानात ठेवलं पोरीनं. तू बी शिक जरा तिच्याकून."

सिंधू तोंड उघडणार होती. मीच तिच्या हाताला चिमटा काढला. आम्ही घागरीला नमस्कार केला. बाबांना मनातल्या मनात सांगितलं, घाटावर होतं बरं का. संध्याकाळी ते टरबूज कापलं. आत गुलाबी नाही, लालभडक, दाणेदार. भाऊ, वहिनी, शेजारपाजारचे, सगळे खाऊन सिंधूकडं बघत मान हलवत होते. "वाहवा सिंधू, टरबूज असावं तं असं."

मी कोपऱ्यात जळत बसले होते. मग उठले आणि अजून एक फोड घेतली.